गुदाशयाचा कर्करोग: जीव वाचवायचा, पण शौचावरचा ताबा जाऊ न देता? शस्त्रक्रियेआधीचे गणित समजून घ्या

कर्करोगाचे निदान झाले की घरात पहिले वाक्य बहुधा हेच येते: ‘आधी जीव वाचू दे, बाकीचे नंतर बघू.’ गुदाशयाच्या कर्करोगात मात्र हे ‘बाकीचे’ फार मोठे असते. दिवसातून किती वेळा शौचाला जावे लागेल, लघवी नीट होईल का, लैंगिक संबंध ठेवता येतील का, बसने प्रवास करता येईल का? यातल्या बऱ्याच गोष्टी उपचार निवडतानाच ठरून जातात.

गुदाशय नेमके काय करते?

मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे १५ सेंटीमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. मल साठवणे आणि योग्य वेळ येईपर्यंत रोखून धरायला मदत करणे हे त्याचे काम. तो ओटीपोटाच्या अरुंद, हाडांनी वेढलेल्या पोकळीत असतो. मूत्राशय आणि जननेंद्रिये शेजारीच असतात आणि त्यांचे नियंत्रण करणाऱ्या नसा अगदी लगत जातात. त्यामुळे गाठ काढताना या नसांना धक्का लागला, तर परिणाम फक्त शौचापुरता राहत नाही.

शस्त्रक्रिया कशी बदलत गेली?

१९०८ मध्ये ब्रिटिश सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशयासोबत गुदद्वारही काढून टाकण्याची पद्धत मांडली. त्यानंतर रुग्णाला पोटावर कायमचा स्टोमा, म्हणजे मल बाहेर येण्यासाठी केलेला मार्ग, घेऊन जगावे लागे. कर्करोग परत येऊ नये म्हणून मोजलेली ही किंमत होती.

१९८२ मध्ये इंग्लंडमधल्याच बिल हील्ड यांनी वेगळी दिशा दाखवली. गुदाशयाभोवती चरबीचे आवरण असते आणि कर्करोग आधी त्यातच पसरतो. हे आवरण न फाडता, नसा सांभाळून, अखंड काढायचे, असे तंत्र त्यांनी मांडले. ते रुळल्यावर कर्करोग त्याच जागी परतण्याचे प्रमाण खूप घटले आणि अनेकांचे गुदद्वारही वाचू लागले. म्हणजे इथे जगण्याची शक्यता आणि जगण्याचा दर्जा दोन्ही एकाच वेळी सुधारले.

गुदद्वार वाचले, तरी त्रास का होतो?

कारण साठवणीची जागाच गेलेली असते. वरचे आतडे खाली आणून जोडले जाते, पण त्याला गुदाशयासारखे काम जमत नाही. वारंवार शौचाला जावे लागणे, थोड्या वेळाने पुन्हा कळ येणे, घाई होणे, कपडे खराब होणे, या साऱ्याला मिळून ‘लार्स’ म्हणतात. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तो मोजण्यासाठी पाच प्रश्नांची सोपी गुणपद्धती तयार केली. गुण ० ते ४२ असतात. ३० किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे तीव्र त्रास. अशा शस्त्रक्रियेनंतर साधारण दहापैकी चार रुग्णांना तीव्र लार्स होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. जोड जितका खाली, तितका धोका जास्त.

म्हणूनच ‘पिशवी नको, काहीही करून गुदद्वार वाचवा’ हा आग्रह प्रत्येक वेळी फायद्याचा ठरत नाही. कायमचा स्टोमा असलेल्यांचे जगणे इतरांपेक्षा वाईटच असते, असे उपलब्ध अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही.

रेडिएशनने काय मिळते, काय जाते?

या तराजूचे सर्वांत स्पष्ट उदाहरण नेदरलँड्सच्या चाचणीत मिळते. त्यात १,८६१ रुग्ण होते. काहींना शस्त्रक्रियेआधी पाच दिवस रेडिएशन दिले, काहींवर थेट शस्त्रक्रिया केली. दहा वर्षांनी कर्करोग त्याच जागी परतण्याचे प्रमाण रेडिएशन घेतलेल्यांत ५ टक्के, तर न घेतलेल्यांत ११ टक्के होते. पण एकूण किती जण जगले, यात दोन्ही गटांत जवळपास फरक नव्हता. दुसरीकडे, पाच वर्षांनंतर शौचावर ताबा न राहण्याची तक्रार रेडिएशन गटात ६२ टक्के आणि दुसऱ्या गटात ३८ टक्के जणांची होती.

याचा अर्थ रेडिएशन निरुपयोगी, असा नाही. ओटीपोटात परतलेला कर्करोग अतिशय वेदनादायी असतो आणि त्यावर उपचारही अवघड असतात. धोका जास्त असलेल्यांना रेडिएशन लागतेच. प्रश्न सरसकट सगळ्यांना देण्याचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉस्पेक्ट’ चाचणीत, निवडक रुग्णांना आधी केमोथेरपी देऊन गाठ पुरेशी आक्रसली तर रेडिएशन टाळले गेले. पाच वर्षांनी कर्करोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण या गटात ८०.८ टक्के, तर रेडिएशन गटात ७८.६ टक्के होते.

शस्त्रक्रियाच टाळता येते का?

काहींच्या बाबतीत, होय. ब्राझीलच्या सर्जन अँजेलिटा हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये रेडिएशन आणि केमोथेरपीनंतर गाठ पूर्ण नाहीशी झालेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया न करता फक्त लक्ष ठेवल्याचे निष्कर्ष मांडले. आता जगभर हा पर्याय दिला जातो. मात्र त्यात जोखीम आहे. साधारण चारपैकी एका रुग्णात दोन वर्षांत गाठ पुन्हा वाढते. ती लवकर सापडली तर बहुतेकांवर शस्त्रक्रिया करता येते, पण त्यासाठी सुरुवातीची वर्षे दर काही महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी आणि एमआरआय चुकवून चालत नाही. मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या, प्रत्येक फेरीला मजुरी बुडणाऱ्या माणसाला हे जमेल का, याचा विचार आधीच व्हायला हवा.

डॉक्टरांना काय विचारायचे?

गाठ गुदद्वारापासून किती सेंटीमीटरवर आहे? रेडिएशन घेतल्याने माझ्या बाबतीत नेमका किती फायदा? स्टोमा तात्पुरता की कायमचा? सहा महिन्यांनी, वर्षाने माझा दिवस कसा असेल? लघवी आणि लैंगिक संबंधांवर काय परिणाम होईल?

तिशीतल्या रिक्षाचालकाचे उत्तर एक असेल, तर आधीच शौच रोखता न येणाऱ्या सत्तरीतल्या आजींचे वेगळे. दोन्ही बरोबर असू शकतात. मात्र हे प्रश्न शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारायला हवेत, कारण एकदा काढलेले गुदाशय परत बसवता येत नाही.