राज्य मिळाले, मग चळवळ कशासाठी?

१४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाली. थिओडोर हर्झल यांनी १८९७ मध्ये बासेल येथे स्थापन केलेल्या झायोनिस्ट संघटनेला हवे ते मिळाले. मग ती विसर्जित का झाली नाही?

पंतप्रधान बेन-गुरियन यांना ती आता फारशी गरजेची वाटत नव्हती. इमारत उभी राहिली की बांधकामाची परांची उतरवतात, अशी त्यांची भूमिका होती. खरा झायोनिस्ट त्याने इस्रायलमध्ये येऊन राहावे. चळवळीचे नेते नहूम गोल्डमन यांना हे पटत नव्हते. बहुसंख्य ज्यू इस्रायलबाहेर होते आणि त्यांच्याशी नाते जोडणारी संघटना त्यांना हवी होती.

तोडगा १९५२ च्या कायद्याने निघाला. झायोनिस्ट संघटना आणि ज्यू एजन्सी यांना कायदेशीर दर्जा मिळाला आणि ज्यूंना आणणे, वसवणे ही कामे त्यांच्याकडे राहिली. गरजही मोठी होती. १९५१ अखेरपर्यंत सुमारे सात लाख ज्यू आले. त्यांत हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेले होते, इराक-येमेनमधून आलेलेही होते.

पण याच काळात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले होते. १९५० च्या कायद्याने त्यांची मालमत्ता ‘गैरहजर’ मालकांची ठरली. त्यांतील लाखो दुनम जमीन सरकारने चळवळीच्याच ज्यू राष्ट्रीय निधीला विकली. हा निधी १९०१ पासून केवळ ज्यूंच्या वसाहतीसाठी जमीन राखत होता. देशात उरलेले अरब नागरिक मतदान करू शकत होते, तरी त्यांतील बहुतेक १९६६ पर्यंत लष्करी अंमलाखाली होते. सरकार सर्व नागरिकांना बांधील असते. चळवळ मात्र फक्त ज्यूंना बांधील होती. सरकारची कामे चळवळीकडे गेली, तिथे अरब नागरिकाला दारच उरले नाही.

आत आलेल्यांनाही बरोबरी सहज मिळाली नाही. कोकणातून गेलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींच्या ज्यू असण्यावर तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या बाबतीत शंका घेतली. त्यांनी आंदोलन केले, तेव्हा १९६४ मध्ये इस्रायली संसदेने ते पूर्ण ज्यू असल्याचे जाहीर केले.

आपण हा इतिहास वाचताना ज्यू धर्म आणि झायोनिस्ट राजकारण यांची गल्लत करू नये. प्रश्न साधा आहे: राज्य तिथे राहणाऱ्या सर्वांचे की एका समाजाचे? २०१८ च्या कायद्याने राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यूंचा ठरवून इस्रायलने आपले उत्तर दिले. बेन-गुरियन यांची परांची उतरलीच नाही. ती इमारतीच्या भिंतीत चिणली गेली.