खिडकीवर खिडकी

पडद्यावर एक खिडकी दुसरीवर सरकवताना आपल्याला काहीच विशेष वाटत नाही. १९७९ साली ॲपलचे काही लोक कॅलिफोर्नियातली झेरॉक्सची प्रयोगशाळा बघायला गेले. त्यात बिल ॲटकिन्सन होता. अर्धवट झाकलेल्या खिडकीचा जेवढा भाग दिसतो तेवढाच तिथला संगणक आपोआप रंगवतो, असा त्याचा समज झाला. मग त्याने डोकं खाजवून ॲपलच्या लिसासाठी तशी सोय केलीच. १९८३ मध्ये लिसा बाजारात आली. पुढे कळलं, झेरॉक्सकडे ते नव्हतंच!

पीएचडी करताना 'हे जमणार नाही' असं कुठेतरी वाचून मी एक प्रश्न सोडून दिला होता. २०२५ मध्ये ॲटकिन्सन गेल्याची बातमी वाचली आणि ती जुनी वही बाहेर काढली.