पंच आणि बाबांचा गूळ

परवा न्यू जर्सीहून चुलतभावाचा निरोप आला. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घरी मंडळी जमणार आहेत, त्यांच्यासाठी रम पंच करायचाय. 'तू इतिहासवाला. सांग बघू, हे मूळचं कुठलं? जमैकाचं की बार्बाडोसचं?' मी म्हटलं, मार्केट यार्डात जाऊन येतो, मग सांगतो. त्याला वाटलं मी टाळतोय.

टाळत नव्हतो. भाजी आणायला जायचंच होतं. फळबाजारात लिंबाच्या गोण्या उतरत होत्या, पलीकडे पुदिन्याच्या जुड्यांचा ढीग, आल्याची पोती, केरळहून आलेले अननस. तिथून गूळ-भुसार विभागाकडे वळलं की वासच बदलतो. तिथल्या एका गाळ्यावर आमचे बाबा दिवाणजी होते. मॉलमधल्या बारची अर्धी यादी या यार्डातून भरता येईल. फक्त बाटली सोडून!

तर पंच. जगातल्या रमच्या कॉकटेलांचा हा खापरपणजोबा, आणि त्याचं नाव म्हणजे आपला 'पाच'. हे मी अभिमानाने ठोकून देत नाहीये. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर 1670च्या दशकात मुंबई-सुरतेकडे होता, आपल्या जुन्नरलाही येऊन गेला. 1698 साली लंडनला छापलेल्या पुस्तकात त्याने लिहून ठेवलंय, की इथले इंग्रज गोव्याच्या दारूपासून एक पेय करतात, त्यात पाच जिन्नस असतात आणि 'हिंदुस्थानी' भाषेतल्या पाच या शब्दावरून त्याचं नाव पडलं. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. हा शब्द दारूच्या पिंपाच्या इंग्रजी नावावरून आला असं म्हणणारेही लोक आहेत. शिवाय 1638 साली सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने असंच पेय नोंदवलंय, त्यात दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर, म्हणजे मोजून चारच जिन्नस. तरी मला फ्रायरचं पटतं. ज्या देशात देवापुढे पंचामृत ठेवतात आणि जेवणात मिरची-चिंच-गुळाचं वेगळंच पंचामृत वाढतात, तिथे पाच मोजायची सवय नवी नाही.

यात रम कुठेच नाही हे लक्षात आलं का? दारू होती ती अर्रक, बहुतेक करून माडाची. हा शब्द आणि आपला 'अर्क' सख्खे भाऊ, अरबीतून आलेले. 1632 साली कंपनीच्या एका नोकराच्या पत्रात 'पंच' हा शब्द सापडतो. बार्बाडोस बेटावर उसाचा पसारा वाढला तो त्यानंतर, 1640च्या दशकात. म्हणजे कृती आपल्या बंदरांवरून जहाजात चढली आणि रम तिला वाटेत भेटली.

आणि रम का जन्माला आली, हे गुळाच्या गाळ्यावर उभं राहिलं की पटकन कळतं. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात, त्यात जे असतं ते बहुतेक सगळं ढेपेत राहतं. युरोपला मात्र पांढरी साखर हवी होती. ती काढली की खाली काळी चिकट मळी उरते. या मळीचं करायचं काय? ती आंबवून, गाळून केलेली दारू म्हणजे रम. ऊस तोडायला, रस उकळायला आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम होते, आणि हीच रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर देऊन आणखी गुलाम विकत घेतले जात. 1834 साली ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांत गुलामगिरी कायद्याने संपली आणि त्याच वर्षापासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर आपल्याकडून करारावर मजूर जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. ऊसतोडीच्या टोळ्या दर वर्षी बीडहून निघतात तेव्हा मला हे आठवतं. असो, ती वेगळी पोस्ट होईल.

पुढची कॉकटेलं मला पंचातली वजाबाकी-बेरीजच वाटतात. बार्बाडोसचं जुनं माप आहे: एक भाग आंबट, दोन गोड, तीन रम, चार पाणी, वर जायफळ. झाले पाच. 1740 साली ॲडमिरल व्हर्नन याने खलाशांच्या रमेत चौपट पाणी घालायचा हुकूम काढला आणि ज्यांना हवं त्यांनी लिंबू-साखर घ्यावी अशी सोय ठेवली. त्याच्या ग्रोग्रॅम कापडाच्या कोटावरून त्याचं टोपणनाव पडलं होतं, तेच त्या पेयाला चिकटलं: ग्रॉग. इंग्रजी आरमारात रमचा शिधा थेट 31 जुलै 1970पर्यंत चालू होता! क्यूबातल्या दाइकिरी गावच्या लोखंडाच्या खाणीवर जेनिंग्ज कॉक्स नावाचा अमेरिकन इंजिनिअर होता. 1898च्या सुमारास त्याने रम, लिंबू, साखर एवढंच ठेवलं असं सांगतात. त्यात पुदिना आणि सोडा घातला की मोहितो. पिना कोलाडा म्हणजे अननस आणि नारळ, 1954, पोर्टो रिकोतलं एक मोठं हॉटेल. आपली ओल्ड माँकही 1954चीच. :)

आता घरचं. आमचे काका फौजेत सुभेदार होते. निवृत्तीनंतर खडकीला राहायचे. थंडीत आमच्याकडे आले की गरम पाण्यात रम, लिंबू, गुळाचा खडा आणि दोन लवंगा असा त्यांचा काढा व्हायचा. मोजा, पाचच. बाबा माळकरी. रमेला हात लावणार नाहीत, पण लिंबू स्वतः कापून द्यायचे. गुळाचं मात्र वेगळं होतं.

गाळ्यावर काळ्या, हलक्या गुळाची गिऱ्हाइकं यायची. तो गूळ हातभट्टीला जातो हे सगळ्यांना माहीत. वहीत बाबांना 'गुरांसाठी' असं लिहावं लागे. हे काकांना कळलं तेव्हापासून ते आईकडे हात पुढे करून म्हणायचे, "वहिनी, थोडा गूळ द्या, गुरांसाठी." आम्ही पोरं खिदळायचो. बाबा उठून गॅलरीत जायचे. एकदा त्यांनी शेटजींना सांगितलं, मी हे लिहिणार नाही. शेटजी रागावले नाहीत. त्यांनी ती वही दुसऱ्या दिवाणजींकडे दिली. गूळ जातच राहिला. बाबांना माहीत नव्हतं आणि तेव्हा मलाही, की गुळाची दारू ही काही हातभट्टीवाल्यांची नवी युक्ती नव्हे. मनुस्मृतीत निषिद्ध दारूचे तीन प्रकार सांगितलेत, त्यातली एक गौडी, म्हणजे गुळाची. बार्बाडोसच्या कितीतरी शतकं आधीची. हे त्यांना सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं की आणखी वाईट, कोण जाणे.

भावाला सगळं कळवलं. लिंबं ताजी पीळ, बाटलीतला रस नको. साखरेऐवजी गूळ घाल, पाण्यात विरघळवून गाळून घे. जायफळ ऐन वेळी किस. रम तुझी तू बघ. (इथे परवाना आणि पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, भाच्यांनो, वाचताय ना?) आणि शेवटी लिहिलं, की चांगली एक किलोची ढेप घेतलीय, पुढच्या महिन्यात ताई येतेय तिच्याबरोबर पाठवतो.

दोन मिनिटांत त्याचं उत्तर आलं, "गुरांसाठी ना?"