बुरशीचं बारसं

क्रिकेटचे स्टंप ज्या लाकडाचे करतात, ते अ‍ॅशचं झाड युरोपात जिकडे तिकडे दिसतं. (अ‍ॅशेस मालिकेशी याचा काडीचाही संबंध नाही!) १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडमध्ये ही झाडं शेंड्याकडून वाळायला लागली. कारण सापडायला २००६ साल उजाडलं. कोवाल्स्की नावाच्या शास्त्रज्ञाने वाळक्या फांद्यांतून एक नवीन बुरशी वेगळी काढली आणि नाव ठेवलं 'कालारा फ्रॅक्सिनिया'.

आता गंमत बघा. बऱ्याच बुरश्यांना दोन रूपं असतात, एक लैंगिक, एक अलैंगिक. दिसायला इतकी वेगळी, की पूर्वी दोघांना वेगवेगळी नावं द्यायचे. (एकाच माणसाचे दोन लॉगिन म्हणा ना.) मग कालाराचं दुसरं रूप कुठलं? २००९ मध्ये कोवाल्स्की आणि होल्डनरीडर यांनी उत्तर दिलं: 'हायमेनोसायफस अल्बिडस'. गळलेल्या पानांच्या देठांवर उगवणारी चिमुकली पांढरी वाटी. युरोपात एकोणिसाव्या शतकापासून माहीत असलेली, अगदी निरुपद्रवी.

गरीब गाय अशी अचानक मारकी कशी झाली?

तिकडे ब्रिटनमध्ये रोपांचे व्यापारी सरकारला सांगत होते, की बाहेरून येणारी अ‍ॅशची रोपं थांबवा. सरकारचं उत्तर: ही बुरशी तर आपल्याकडे आधीपासूनच आहे, मग बंदी कशाला? कागदावर तर्क बिनचूक होता. फक्त त्यातलं नाव चुकलेलं होतं!

कारण झुरिकच्या क्वेलोझ आणि मंडळींनी डीएनए ताडून पाहिला, तर वाट्या दोन जातींच्या निघाल्या. दिसायला जवळजवळ सारख्याच. मारकी होती ती नवी जात. २०११ मध्ये तिचं नाव पडलं 'स्यूडोअल्बिडस'.

२०१२ च्या सुरुवातीला बकिंगहॅमशायरच्या एका नर्सरीत नेदरलँड्सहून आलेल्या रोपांवर ती सापडली. बंदी आली ऑक्टोबर अखेरीस, तोवर ती पूर्व इंग्लंडच्या जंगलात दिसलेली होती. बीजाणू वाऱ्यावर समुद्र ओलांडूनही येतात, त्यामुळे बंदीने सगळं टळलं असतं असं नाही. पण आजारी रोपं ट्रकमध्ये भरून आणायची काही गरज नव्हती, असं आपलं माझं मत.

२०१४ मध्ये तिसरं बारसं होऊन नाव ठरलं 'हायमेनोसायफस फ्रॅक्सिनियस'. आणि माहेर? पूर्व आशिया. तिथल्या मांचुरियन अ‍ॅशवर ती फारसा त्रास न देता राहते. जपानमध्ये १९९३ सालीच तिची नोंद झाली होती, 'लँबर्टेला अल्बिडा' या नावाने.