वसईची मिरची, पेरू आणि शरीरातला गंज

आजचा भाग वसईचा, आणि थोडा आपल्या पेशींचाही.

वसईचा किल्ला म्हटलं की आपल्याला चिमाजी अप्पा आठवतात, १७३९ आठवतं. पण त्याआधीची दोनशे वर्षं, म्हणजे १५३४ पासून, इथे पोर्तुगीज होते. त्यांच्या काळात अमेरिका खंडातली पिकं या किनाऱ्यावर रुजली. मिरची, पेरू, पपई, काजू हे सगळे परदेशी पाहुणे बरं का! त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरी.

गंमत बघा. ज्यांनी ही पिकं आणली, त्यांचेच खलाशी ताज्या अन्नावाचून मरत होते. १४९८ च्या ऑक्टोबरमध्ये वास्को द गामा कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परत निघाला. आफ्रिका गाठायला तीन महिने लागले आणि वाटेत सुमारे ३० माणसं गेली. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं. तो स्कर्व्ही रोग. कारण होतं क जीवनसत्त्वाची कमतरता, पण हे कळायला आणखी चार शतकं जावी लागली. १९३० च्या दशकात हंगेरीत आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी हे जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात कशातून काढलं? तिथल्या लाल मिरचीतून, पाप्रिकातून! १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता गंजाकडे येऊ. आपण ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवतो, तेव्हा फ्री रॅडिकल्स नावाचे उपद्रवी रेणू तयार होतात. ते पेशींमधली चरबी, प्रथिनं, डीएनए यांना डिवचतात. शरीर त्यांना आवरतं. त्यासाठी लागणारी एन्झाइम्स जस्त, तांबं, सेलेनियम यांच्यावर चालतात. क आणि ई जीवनसत्त्वं मदतीला असतातच. उपद्रव जास्त आणि आवरणारे कमी झाले, की त्याला म्हणतात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. हा शब्द १९८५ मध्ये हेल्मुट सीस यांनी रूढ केला.

मग गोळ्याच खाऊ की! लोकांना असंच वाटलं होतं. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी नाही, उलट १८ टक्के जास्त! अमेरिकेतला तसाच प्रयोग १९९६ मध्ये मध्येच थांबवावा लागला. हेच बीटा-कॅरोटीन पपईत, गाजरात, पालेभाजीत असतं. तिथे ते थोडं असतं आणि सोबत तंतू, इतर जीवनसत्त्वं असतात. शिवाय फ्री रॅडिकल्स निव्वळ शत्रू नाहीत. आपल्या पांढऱ्या पेशी त्यांनीच जंतू मारतात.

म्हणून रीलमधल्या ‘अँटिऑक्सिडंट’ डबीवर पैसे घालवण्याआधी जरा थांबा, आणि सिगारेट ओढत असाल तर नक्कीच. एका मध्यम पेरूत दिवसभराचं क जीवनसत्त्व मिळून जातं. पेरू काही महाग नाही.

खरी काळजी वेगळी आहे. वसईच्या वाड्या बावखलांच्या पाण्यावर पिकायच्या. तिथली भाजी, केळी लोकलने दादरला जायची. बावखलं बुजली, वाड्यांवर टॉवर उभे राहिले, की ताजी भाजी लांबून येते. क जीवनसत्त्व साठवणीत आणि शिजवण्यात कमी होत जातं. म्हणजे बावखल वाचवणं हा ताटातला प्रश्नसुद्धा आहे.

तुमच्या गावात किती बावखलं उरलीत? मोजा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!