काडतुसांची टंचाई

खाजगी शस्त्रधारकांना आपल्या बंदुकीस, पिस्तुलास वा रिव्हॉल्व्हरला लागणारी काडतुसे बाजारात दीर्घकाळ न मिळणे किंवा नेहमीच्या किंमतीच्या दुपटी-तिपटीने मिळणे, या स्थितीस काडतुसांची टंचाई असे म्हणतात. बंदूक एकदा घेतली की पिढ्यान्‌पिढ्या टिकते. काडतूस मात्र एकदा उडविले की संपते. त्यामुळे शस्त्र बाळगण्याचा अधिकार कायद्याने कितीही विस्तृत ठेवला, तरी त्या शस्त्राचा प्रत्यक्ष उपयोग काडतुसांच्या पुरवठ्यावरच अवलंबून राहतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) खाजगी शस्त्रे जगात सर्वाधिक असल्याने या टंचाईचा इतिहासही तेथे सर्वांत स्पष्टपणे दिसतो. स्थूलमानाने त्याचे तीन टप्पे पडतात : अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील टंचाई कच्च्या मालाची होती, विसाव्या शतकाच्या मध्यास ती युद्धजन्य होती, एकविसाव्या शतकातील टंचाई मात्र मुख्यत्वे भीतिजन्य आहे.

घटक व उत्पादन : आधुनिक काडतुसाचे चार घटक असतात : पितळी पुंगळी, शिशाची गोळी (बहुधा तांब्याच्या वेष्टनासह), धूम्रहीन दारू आणि पुंगळीच्या बुडाशी बसविलेली, आघाताने पेट घेणारी टोपी (प्रायमर). चारांपैकी एक घटक जरी अपुरा पडला, तरी उरलेले तीन निरुपयोगी ठरतात. पितळ व शिसे यांचे पुरवठादार अनेक आहेत आणि जुने शिसे वितळवून पुन्हा वापरता येते. टोपीचे तसे नाही. तिच्यातील लेड स्टिफ्नेटसारखे मिश्रण अत्यंत संवेदनशील असल्याने ते ओल्या अवस्थेत, कुशल कामगारांकरवी व कडक दक्षतेने भरावे लागते. अ. सं. सं. मध्ये टोप्या मोठ्या प्रमाणावर तयार करणारे उत्पादक मोजकेच आहेत. धूम्रहीन दारूचा आधार नायट्रोसेल्यूलोज असून ते सरकीवरील आखूड तंतूंपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून करतात. तोफांच्या दारूलाही तेच लागते. म्हणजे नागरी काडतुसांचा कारखाना आणि सैन्याचा पुरवठा विभाग हे एकाच मालाचे गिऱ्हाईक असतात, आणि संकटकाळी पहिला मान सैन्याचाच असतो.

सोऱ्याचे युग : काळ्या दारूत सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण असते आणि त्यांत सोऱ्याचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश असतो. अमेरिकन वसाहतींत कोळसा मुबलक होता. सोरा मात्र बहुतांशी आयात करावा लागे. १ सप्टेंबर १७७४ रोजी जनरल टॉमस गेज याने बॉस्टनजवळच्या कोठारातील दारू हलविली, तेव्हा सर्व न्यू इंग्लंड प्रांत खळबळून उठला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश सरकारने वसाहतींकडे होणारी शस्त्रे व दारू यांची निर्यात बंद केली. लेक्सिंग्टन व काँकर्ड येथील चकमकी (१९ एप्रिल १७७५) वसाहतवाल्यांचे शस्त्रसाठे ताब्यात घेण्याच्या प्रयत्नातूनच उद्‌भवल्या. ऑगस्ट १७७५ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन याला आपल्या सैन्याकडे माणशी सुमारे नऊच बार उरल्याचे आढळून आले. घराघरांत बंदूक होती, पण तिच्यात भरावयास दारू नव्हती. पुढे फ्रान्स व कॅरिबियन बेटे यांच्या मार्गाने आलेल्या दारूवरच युद्धाची पहिली वर्षे निभावली.

या काळात जागतिक बाजारातील सोऱ्याचा एक प्रमुख स्रोत बिहार हा होता आणि पाटण्याच्या व्यापारातून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आला होता. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) याचे महत्त्व प्रत्ययास आले. उत्तरेकडील सरकारसाठी लॅमो द्यू पाँ याने १८६१ च्या अखेरीस लंडनमध्ये भारतीय सोऱ्याची मोठी खरेदी केली. परंतु ‘ट्रेंट’ जहाजाच्या प्रकरणामुळे दोन्ही देशांत तेढ निर्माण होताच ब्रिटनने तो माल अडकवून ठेवला. अटक केलेले दक्षिणेचे प्रतिनिधी मुक्त केल्यानंतरच, १८६२ च्या प्रारंभी, तो सुटला. पुढे चिलीच्या नायट्रेटाने, धूम्रहीन दारूच्या शोधाने (१८८४) आणि हवेतील नायट्रोजनापासून संयुगे बनविण्याच्या जर्मन प्रक्रियेने (१९१३) सोऱ्याची ही सत्ता संपुष्टात आणली. यानंतर निव्वळ कच्च्या मालाच्या अभावी उद्‌भवणारी टंचाई विरळ झाली.

युद्धकालीन टंचाई : दुसऱ्या महायुद्धात तांबे, पितळ व शिसे यांवर सरकारी नियंत्रण आले आणि नागरी काडतुसांचे उत्पादन जवळजवळ थांबले. पिके व गुरे यांच्या रक्षणासाठी शेतकरी व पशुपालक यांना मर्यादित वाटा देण्यात येई. हौशी नेमबाज व शिकारी यांच्या वाट्याला फारसे काही येत नसे. या अडचणीतून एक नवा गृहोद्योग उदयास आला. रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवून त्यांत नवी टोपी, दारू व गोळी बसविण्याची प्रथा पूर्वीपासून होती. ती आता सर्वत्र पसरली. व्हर्नन स्पीअर याने आयडाहो राज्यातील ल्यूइस्टन येथे गोळ्यांचे उत्पादन सुरू केले, ते याच काळात. युद्ध संपल्यावर सैन्याची शिल्लक दारू व काडतुसे स्वस्तात बाजारात आली आणि सु. दोन दशके नेमबाजांनी स्वस्ताई अनुभवली. युद्ध टंचाई निर्माण करते आणि युद्धसमाप्ती मुबलकता, असा हा क्रम होता.

कायदा, अफवा आणि भीती : १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याने टपालाद्वारे होणाऱ्या आंतरराज्य काडतूसविक्रीवर बंदी घातली आणि विक्रेत्यांवर ग्राहकांची नोंद ठेवण्याचे बंधन आले, १९८६ च्या कायद्याने ही बंधने बव्हंशी उठविली. १९९३ मध्ये सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉइनिहन यांनी विशिष्ट घातक काडतुसांवर १०,००० टक्के कर बसविण्याची सूचना मांडली. ती मान्य झाली नाही. तथापि बंदुकीला हात न लावता काडतुसाच्या मार्गाने नियंत्रण आणता येते, ही जाणीव शस्त्रधारकांच्या मनात पक्की झाली. त्यांची भीती अगदीच निराधार होती, असे म्हणता येत नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये बराक ओबामा राष्ट्राध्यक्षपदी निवडून येताच खरेदीची पहिली मोठी लाट आली. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधील सँडी हुक येथील शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर नव्या निर्बंधांची चर्चा सुरू झाली आणि दुसरी, अधिक तीव्र लाट उसळली. १७ एप्रिल २०१३ रोजी सिनेटमध्ये प्रमुख विधेयक पुढे सरकू शकले नाही; म्हणजे ज्या कायद्याच्या भीतीने दुकाने रिकामी झाली, तो कायदा झालाच नाही. तरीही ०·२२ इंची काडतुसे पुढे वर्ष-दीड वर्ष दुर्मिळ राहिली. हे काडतूस सर्वांत स्वस्त, म्हणून साठविण्यास सर्वांत सोपे. त्याची पुंगळी पुन्हा भरता येत नाही. त्याला स्वतंत्र यंत्रसामग्री लागते आणि त्यात नफा थोडा असल्याने कारखानदार ती वाढविण्यास उत्सुक नसतात. त्यामुळे गरिबाचे व नवशिक्याचे काडतूसच सर्वांत जास्त काळ नाहीसे झाले. सरकारच मुद्दाम काडतुसे विकत घेऊन बाजार कोरडा करीत आहे, अशी अफवाही या वेळी पसरली होती. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २०१४ मध्ये दिलेल्या अहवालात, अंतर्गत सुरक्षा खात्याची खरेदी मागील वर्षांच्या तुलनेने घटली असल्याचे दाखवून दिले.

२०२०–२२ ची टंचाई : या वेळी अनेक कारणे एकत्र आली. कोव्हिड-१९ ची साथ, शहरांतील दंगली आणि निवडणूक यांमुळे शस्त्रखरेदीसाठी व शस्त्रपरवान्यांसाठी होणारी पार्श्वभूमी-तपासणी २०१९ मधील सु. २ कोटी ८४ लाखांवरून २०२० मध्ये सु. ३ कोटी ९७ लाखांवर गेली. खरेदीदारांत प्रथमच बंदूक घेणारे पुष्कळ होते आणि त्या प्रत्येकाला काडतुसे हवी होती. त्यातच रेमिंग्टन ही जुनी कंपनी जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि आर्‌कन्सॉ राज्यातील तिच्या काडतूस कारखान्याची मालकी बदलली. साथीपूर्वी सु. २० सेंटला मिळणारे ९ मिमी. चे काडतूस १९२१ च्या नव्हे, तर २०२१ च्या प्रारंभी त्याच्या तिपटीहून अधिक दराने विकले जात होते. ७ सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या आयातीस नवे परवाने देणे अमेरिकन सरकारने थांबविले. त्यामुळे स्वस्त पोलादी पुंगळीच्या काडतुसांचा ओघ आटत गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर तोफांच्या दारूची मागणी वाढली आणि नागरी दारूवर पुन्हा ताण पडला.

टंचाईची यंत्रणा : भीतिजन्य टंचाई स्वतःच स्वतःला वाढविते. अ. सं. सं. मध्ये सुमारे एक-तृतीयांश प्रौढ, म्हणजे अंदाजे आठ कोटी लोक शस्त्रधारक आहेत. प्रत्येकाने ५० काडतुसांचा एकच जादा खोका घेतला, तरी ४०० कोटी काडतुसांची अनपेक्षित मागणी निर्माण होते. यात कोणीही स्वतःला साठेबाज समजत नाही. प्रत्येकाचे वर्तन त्याच्या दृष्टीने दूरदर्शीपणाचेच असते. रिकामी फळी पाहिली की मिळेल तेथे, मिळेल तितके घ्यावे, ही वृत्ती बळावते. मोठे दुकानदार गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून जुना दर ठेवून माणशी एक-दोन खोके असे वाटप करतात. मग पहाटे रांगेत उभे राहून घेतलेला माल चढ्या भावाने परत विकणारे निर्माण होतात.

मागणी एवढी असताना उत्पादन का वाढत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. काडतुसांची यंत्रे बहुतेक वेळा पूर्ण क्षमतेने चालूच असतात. नवी यंत्रे व टोपीचा नवा विभाग उभारण्यास दीर्घ मुदत व मोठे भांडवल लागते, आणि तोवर लाट ओसरते. २०१६ च्या निवडणुकीनंतर निर्बंधांची भीती मावळली, मागणी कोसळली आणि २०१८ मध्ये रेमिंग्टनला प्रथम दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. हा धडा उद्योगाच्या स्मरणात आहे. शिवाय टंचाईत कारखानदार आपली यंत्रे सर्वाधिक खपाच्या प्रकारांना जुंपतात आणि टोप्या स्वतःच्या तयार काडतुसांसाठी राखून ठेवतात. त्यामुळे कमी खपाची शिकारी काडतुसे आणि घरी पुंगळ्या भरणाऱ्यांना लागणाऱ्या टोप्या ही सर्वांत आधी अदृश्य होतात.

भारतातील स्थिती : भारतात टंचाईचे स्वरूप वेगळे असून ती परवान्यातच अंतर्भूत आहे. १८७८ च्या आणि त्याच्या जागी आलेल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली, किती काडतुसे घेता येतील, हे परवान्यावरच नमूद असते व विक्रेत्याला प्रत्येक विक्रीची नोंद करावी लागते. ०·३०३ इंची हे सैन्याचे काडतूस नागरिकांना निषिद्ध असल्याने ०·३१५ इंची रायफल प्रचारात आली. उत्पादन दीर्घकाळ सरकारी कारखान्यांच्या हाती होते. पुण्याजवळील खडकी (१८६९) व जळगाव जिल्ह्यातील वरणगाव (१९६४) हे दारूगोळा कारखाने त्यांपैकीच होत. १ ऑक्टोबर २०२१ पासून ते म्यूनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत. येथे मागणी कायद्याने बांधलेली असल्याने घबराटीची खरेदी संभवत नाही. मात्र स्पर्धात्मक नेमबाजीसारख्या, भरपूर सराव लागणाऱ्या क्षेत्राला आयात मालावर अवलंबून राहावे लागते. कोकणात पीकसंरक्षणासाठी परवान्यावर बाळगल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकांना तयार काडतूस लागत नाही. दारू, छरे व टोपी यांवर त्या चालतात.

परिणाम : टंचाईमुळे समाजातील शस्त्रांची संख्या घटत नाही, उलट ज्या लाटेत काडतुसे संपतात, त्याच लाटेत बंदुकांची विक्री वाढते. घटतो तो सराव. २०१३ मध्ये अनेक ठिकाणच्या पोलीस दलांनाही नेमबाजीचे प्रशिक्षण आखडते घ्यावे लागले, आणि २०२० मध्ये लक्षावधी नवे शस्त्रधारक असे होते की, ज्यांच्या घरी शस्त्र आले, पण ते सुरक्षितपणे हाताळण्याच्या सरावासाठी पुरेशी काडतुसे मिळेनात. याउलट काही घरांत हजारो काडतुसे न वापरता पडून राहिली. एक अनपेक्षित लाभही नोंदण्यासारखा आहे : १९३७ च्या पिटमन-रॉबर्ट्‌सन अधिनियमानुसार काडतुसांवरील ११ टक्के उत्पादनकर वन्यजीवसंरक्षणासाठी खर्च होतो, त्यामुळे घबराटीच्या प्रत्येक लाटेने या निधीत भर घातली आहे. अठराव्या शतकात काडतुसांचा तुटवडा संपविण्यासाठी सोऱ्याचे जहाज बंदरात येणे पुरेसे असे. आज केवळ पुरवठ्याची ग्वाही पुरत नाही, कारण तिच्यावर ग्राहकाचा विश्वास बसेपर्यंत फळी रिकामीच राहते.