डंकेल, हळद आणि केमचं कुंकू

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी जेऊर मागे टाकते आणि कुर्डुवाडीच्या अलीकडे केम येतं. करमाळा तालुक्यातलं हे गाव बाहेरच्या माणसाला दोन कारणांनी ठाऊक असतं: उत्तरेश्वराचं देऊळ आणि कुंकू. गावात कुंकवाचे कारखाने आहेत आणि देवस्थानांच्या बाजारपेठांत केमचं नाव घेतलं जातं.

कुंकवाची जुनी रीत हळदीपासूनच सुरू होते. हळकुंडं लिंबाच्या रसात भिजवायची, त्यात टाकणखार आणि तुरटी घालायची, पिवळ्याचं लाल होईस्तोवर मुरू द्यायचं, मग सावलीत वाळवून दळायचं. यात बाहेरून रंग घालावा लागत नाही, तो हळदीच्या अंगचाच. हळदीचा डाग पडलेल्या पातळाला साबण लावला की डाग लालसर होतो, ते याच जातीचं रसायन. एखादा परदेशी करार या हळदीवर हक्क सांगू शकतो, ही कल्पना १९९० पूर्वी कुणाच्या डोक्यातही आली नसती. पुढच्या पाच-सात वर्षांत मात्र महाराष्ट्रातल्या पारापारांवर तेवढीच चर्चा होती.

आर्थर डंकेल हे स्विस गृहस्थ ‘गॅट’ या व्यापारविषयक कराराचे महासंचालक होते. १९८६ साली उरुग्वेत सुरू झालेली वाटाघाटींची फेरी पाच वर्षं झाली तरी संपेना, तेव्हा २० डिसेंबर १९९१ रोजी त्यांनी स्वतःच एक मसुदा सगळ्या देशांपुढे ठेवला. शेती, कापड, सेवा, पेटंट सगळं एकाच गाठोड्यात, आणि गाठोडं घ्यायचं तर अख्खं घ्यायचं. शेकडो पानांचा, वकिली इंग्रजीतला हा मजकूर गावोगावच्या सभांत ‘डंकेल’ एवढ्याच नावाने पोचला. त्यावर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचला होता. दोष त्यांना देण्यात अर्थ नाही. बोलणी बंद दाराआड चालली होती आणि आपल्या राज्यघटनेप्रमाणे असा करार करायला सरकारला संसदेची आगाऊ मंजुरी लागत नाही. इंद्रकुमार गुजराल यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने मसुद्याची छाननी केली खरी, पण अहवाल आला १९९३ च्या अखेरीस, आणि जिनिव्हातली बोलणी संपली त्याच वर्षी १५ डिसेंबरला. १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेशमध्ये वाणिज्यमंत्री प्रणव मुखर्जी यांनी भारताची सही केली.

या वादात महाराष्ट्राची गंमत अशी की दोन्ही बाजूंचे बिनीचे वीर मराठीच होते.

विरोधात दत्तोपंत ठेंगडी. जन्म वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचा, हयात कामगार आणि शेतकरी संघटना बांधण्यात गेलेली. १९९१ च्या नोव्हेंबरात नागपूरला स्वदेशी जागरण मंच स्थापन झाला, त्यामागे तेच होते. डंकेलविरोधात डावे पक्षही उभे होते, त्यामुळे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी मंडळी या प्रश्नावर एकच भाषा बोलू लागली. शेजारच्या कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघाने तर डिसेंबर १९९२ मध्ये बेंगळुरूतल्या कारगिल कंपनीच्या कार्यालयात घुसून कागदपत्रं रस्त्यावर आणली. घरचं बी पेरायला बंदी येणार, कडुनिंबावर कंपनीचा शिक्का बसणार, ही भीती शेतकऱ्याला पटकन पटत होती, कारण बी राखून ठेवणं हा त्याच्या घरचाच व्यवहार.

बाजूने उभे होते शरद जोशी. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून आलेला आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करणारा हा माणूस. देशातल्या बहुतेक शेतकरी संघटना एका बाजूला आणि त्यांची शेतकरी संघटना दुसऱ्या. त्यांचा हिशेब सरळ होता. मसुदा शेतीची अनुदानं कमी करा म्हणतो; पण भारतात शेतकऱ्याला मिळणारं अनुदान उणे आहे, म्हणजे सरकार देण्याऐवजी काढूनच घेतं. निर्यातबंदी, झोनबंदी, महाराष्ट्रातली कापसाची एकाधिकार खरेदी, हे सगळं त्या उण्याचे हप्ते. तेव्हा बाजार खुला होत असेल तर घाबरायचं कुणी? आकड्यांच्या बाबतीत जोशी बरोबर होते. पुढे भारत सरकारने जागतिक व्यापार संघटनेला सादर केलेले आकडेही उणेच निघाले.

मग १९९५ उजाडलं. १ जानेवारीला जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि मार्चमध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ५४०१५०४ क्रमांकाचं पेटंट मिळालं: जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे. डंकेलविरोधकांना आणखी काय हवं होतं! हळद गेली, असंच सगळीकडे बोललं गेलं.

या गोष्टीतला कायदा मात्र जरा निराळा आहे. पेटंटचा अर्ज करार लागू होण्याच्या आधीचा आणि पेटंट दिलं ते अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्याने. त्या कायद्यात एक मेख होती. परदेशातलं ज्ञान आधीपासूनचं आहे असं दाखवायचं तर ते छापलेलं हवं. परदेशातल्या आजीने नातवाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर दाबलेली हळद पुरावा ठरत नव्हती. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी १९९६ मध्ये पेटंटला आव्हान दिलं ते म्हणूनच कागद घेऊन. जुने ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा लेख, असे बत्तीस संदर्भ त्यांच्या संस्थेने पुढे ठेवले. १९९७ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने पेटंट रद्द ठरवलं. वृत्तपत्रांनी याला हळदीघाटीची लढाई म्हटलं आणि माशेलकर घराघरांत पोचले. लढाई मोलाची होतीच, कारण तिच्यातूनच पारंपरिक ज्ञानाची संगणकीय नोंदवही तयार करण्याला जोर आला. पण ते पेटंट टिकलं असतं तरी त्याचा अंमल अमेरिकेपुरता आणि जखमेपुरताच होता. केमच्या एकाही कारखान्याला त्यामुळे कुलूप लागलं नसतं.

बियाण्याचंही तसंच झालं. करारात वनस्पतींच्या वाणांना पेटंट द्या किंवा स्वतःचा वेगळा कायदा करा, अशी पळवाट होती. भारताने ती धरली आणि २००१ च्या कायद्यात शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचा हक्क लिहून टाकला. फक्त कंपनीच्या ब्रँडखाली विकायचं नाही. हा कायदा विरोधकांच्या ओरडीशिवाय असा झाला असता, असं मानणं कठीण आहे. आणि ज्या बौद्धिक संपदेच्या प्रकरणावर सर्वांत जास्त आगपाखड झाली, त्याच्यापोटीच १९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा आला. त्याचा लाभ घेणाऱ्या पहिल्यावहिल्या वस्तूंत सोलापुरी चादर होती.

खरा दणका बसला तो आयातीच्या दाराला. परकीय चलनाच्या टंचाईचं कारण सांगून भारताने हजारो वस्तूंची आयात अडवून धरली होती. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली, १९९९ मध्ये भारत हरला आणि १ एप्रिल २००० ला ७१४, तर वर्षभराने उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे निर्बंध उठले. सभा-मोर्चे तोवर थंडावले होते.

कुंकवाचं काय? आंतरराष्ट्रीय जकातीच्या यादीत त्यालाही जागा आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या तेहेतिसाव्या प्रकरणात भारताने शेवटचे दोन आकडे आपले जोडून सिंदूर, बिंदी, कुंकू यांना ३३०४९९४० हा क्रमांक दिलाय, चेहऱ्याच्या क्रीमच्या पंगतीत. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कुंकवावर शून्य कर ठेवला गेला. पण कपाळावरची जागा कुंकवाने गमावली ती जिनिव्हात नव्हे, घरातल्या आरशासमोर: चिकटवायची टिकली आली, घाम आला तरी न ओघळणारी. हळदीपासून केलेलं कुंकू महाग पडू लागलं, तसा स्वस्त मालात पिठूळ पूड आणि रंग यांचा वापर वाढला. देवघर आणि देवळं यांनी मागणी धरून ठेवली, म्हणून धंदा राहिला.

शरद जोशींच्या आशेची वाट मात्र दिल्लीतच अडली. बाजार खुला झाला की माल बाहेर जाईल, हे त्यांचं गणित. पण निर्यात अडवण्याची मुभा सरकारकडे राहिलीच. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आलं आणि डिसेंबरात थेट बंदी. सोलापूरचा कांद्याचा बाजार राज्यातल्या मोठ्यांपैकी एक. तिथे भाव पडले की शिव्या अजूनही दिल्लीलाच पडतात.

जोशी डिसेंबर २०१५ मध्ये गेले. चार वर्षांनी ‘आरसीईपी’ या पूर्व आशियाई कराराचा वाद पेटला, तेव्हा त्यांच्याच तालमीत तयार झालेले राजू शेट्टी विरोधाच्या बाजूला होते. या वेळी भीती न्यूझीलंडच्या दूध भुकटीची होती, आणि ती करमाळा-माढ्याच्या दूध घालणाऱ्या माणसाला कुणी समजावून सांगावी लागली नाही. मसुदा याही वेळी गुप्तच होता. लोकांच्या हाती लागले ते फुटलेले तुकडे. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने अंग काढून घेतलं. मग संयुक्त अरब अमिरातीशी वेगळा करार झाला, तो १ मे २०२२ पासून लागू आहे. त्याच्याविरुद्ध या भागात फारशी ओरड झाली नाही. उजनीच्या पाण्यावर वाढलेली करमाळ्याची केळी आखाती देशांतही जातात.